अर्धा डेसिबल

चार महिने मी एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र दीड पानी होतं, निळ्या शाईत लिहिलेलं, आणि अक्षर इतकं स्वच्छ की वाचता आलं नाही अशी सबबही मला सांगता येईना. ते मी शब्दकोशात ‘अ’च्या पानांमध्ये ठेवलं होतं. रोज कुठल्या ना कुठल्या शब्दासाठी शब्दकोश उघडावा लागतो, तेव्हा ते रोज दिसे आणि रोज मी पान उलटून पुढे जाई.

पत्र लिहिणाऱ्या बाई आमच्याच गावच्या मोठ्या ग्रंथालयात कामाला होत्या. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक ऐकण्याची खोली आहे. तिथे कपाटभर जुन्या रेकॉर्डी आहेत, दोन मोठे स्पीकर आहेत, आणि कुणीही जाऊन हवी ती रेकॉर्ड मागावी, बाई ती लावून देतात. यंत्रं दुरुस्त करणं, सुया बदलणं, रेकॉर्डी पुसून जागेवर ठेवणं, सगळं त्याच करतात. पत्रात त्यांनी लिहिलं होतं:

‘आपल्या लेखातलं एक वाक्य माझ्याविरुद्ध वापरलं जात आहे. महागड्या स्पीकर-वायरींनी आवाज सुधारत नाही, असं मी खोलीतल्या फलकावर लिहिलं. त्यावर इथल्या श्रवण मंडळाने माझी तक्रार केली आहे. ते म्हणतात, विज्ञानालाच जे ठाऊक नाही ते या बाई कशावरून सांगतात? मी माफी लिहून दिली नाही तर चार महिन्यांनी होणाऱ्या सभेत ही खोली मंडळाकडे जाईल आणि मला तळघरात पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायला पाठवतील. मी वायरी मीटरने तपासल्या. काही फरक नाही. पण खरं सांगते, मंडळाचे अध्यक्ष वायर बदलून दाखवतात तेव्हा मलाही फरक ऐकू येतो. मग खोटं कोण बोलतं, माझा कान की माझा मीटर? विज्ञान काय म्हणतं हे मी पुस्तकात वाचलं आहे. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, एवढंच कळवा.’

आता हा प्रश्न मला विचारायचा म्हणजे कमाल होती.

मी तेहतीस वर्षं ध्वनिमापनाच्या प्रयोगशाळेत काढली. कारखान्यांतला गोंगाट मोजणारे मीटर, दवाखान्यांतली कान तपासायची यंत्रं आमच्याकडे यायची. ती खरं बोलतात की नाही ते आम्ही पाहायचो आणि प्रमाणपत्र द्यायचो. प्रमाणपत्राची शेवटची ओळ माझी असे: ही संख्या एवढ्याने चुकू शकते, अधिक किंवा उणे. त्या ओळीवर मी इतका जीव टाकला की कचेरीत मला सगळे ‘अधिकउणे’ म्हणू लागले. साहेबसुद्धा. ‘अधिकउणे कुठे आहेत?’ ‘जेवायला गेलेत, बहुधा,’ असे विनोद चालत. मला ते आवडायचे की टोचायचे, हे मी अजून ठरवलेलं नाही.

निवृत्तीनंतर एका विज्ञानविषयक मासिकात मी एकच लेख लिहिला. त्यात ते वाक्य होतं: ‘माणसाचा कान नेमकं काय आणि किती ऐकतो, हे विज्ञानाला अजून पूर्णपणे उमगलेलं नाही.’ वाक्य खरं आहे. आजही मी ते लिहीन. पण त्याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं, आणि छपाईआधी तपासायला आलेल्या प्रतीत ते मी स्वतःच्या हाताने खोडलं होतं. संपादकांनी नाही, मी. इतक्या ठामपणे बोलणारा मी कोण, असं वाटलं म्हणून.

पत्राला उत्तर न देण्याचं खरं कारण हे होतं. मी सात मसुदे लिहिले. प्रत्येकात ‘बहुधा’ होतं, ‘कदाचित’ होतं, ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ होतं. वाचून पाहिलं की वाटे, हे त्या मंडळाच्या हाती पडलं तर त्यांना आणखी सात वाक्यं मिळतील.

शरमेने मी ग्रंथालयात जाणंच सोडलं. माझ्यासारख्याला ही साधी शिक्षा नव्हती. माझी पुस्तकं ताई बदलून आणू लागली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र राहतो. तिला माझी पुस्तकं कळत नाहीत असं ती म्हणते आणि मग जेवताना त्यांच्यातल्या चुका काढते.

सभेच्या आदल्या दिवशी ती ग्रंथालयातून आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्यातून एक गुळगुळीत पत्रक काढून माझ्यासमोर धरलं.

“हे तुझं वाक्य ना?”

मी चष्मा लावला. पत्रकावर सोनेरी कान छापला होता. त्याच्याखाली माझं वाक्य, मोठ्या अक्षरांत, ‘एक ज्येष्ठ मापनतज्ज्ञ’ अशा सहीने. आणि त्याखाली: ‘मग मीटर तुमच्या कानापेक्षा शहाणा कसा? उद्या सकाळी दहा वाजता या, ऐका आणि ठरवा.’

“माझंच आहे. पण...”

“पण काय? चार महिने तो शब्दकोश तू असा उघडतोस, जसा काही आत विंचू आहे. मी बघितलंय ते पत्र.”

“ताई, तू माझी पत्रं वाचतेस?”

“‘अडगळ’ या शब्दाचा अर्थ बघत होते. सापडला. तूच तो.” ती खुर्चीत बसली. “अरे, ती बाई तुला विचारते तुला काय वाटतं, आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?”

“मला शंभर टक्के खात्री नाही गं.”

“तुला कधी कशाची होती? चहा हवा का विचारलं तर म्हणतोस, ‘हरकत नसावी.’ लग्नाला मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतंय?”

आठवत होतं. ‘नापसंत करण्याजोगं काही आढळलं नाही,’ असं म्हणालो होतो. ती मुलगी दुसऱ्या कुणाला हो म्हणाली.

“उद्या दहा वाजता,” ताई म्हणाली. “इस्त्रीचा शर्ट घाल.”

*

ऐकण्याची खोली भरली होती. साठेक माणसं असतील. खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, समोर दोन स्पीकर कमरेएवढे उंच. त्यांच्या मध्ये बुटक्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड-प्लेयर. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. चाळिशीच्या असाव्यात, हातात पुसायचं फडकं तसंच राहिलेलं. त्या मला ओळखत नव्हत्या. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो, म्हणजे उठून जाता यावं. ताई मुद्दाम माझ्या आणि वाटेच्या मध्ये बसली.

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे ‘कानसेन’ म्हणत आणि त्यांना ते आवडे. गोल चेहरा, बोलणं लोण्यासारखं, आणि मनात खोट अजिबात नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मला त्यांचा राग येत असता तर सोपं झालं असतं. त्यांना गाणं मनापासून आवडत होतं. वायरी ते स्वतः विकत नव्हते. घरच्या यंत्रासाठी घेतल्या होत्या, आणि जे त्यांना मिळालं ते सगळ्या गावाला मिळावं एवढीच त्यांची इच्छा होती. ग्रंथपाल, एक बारीक, नीटनेटके गृहस्थ, घड्याळ बघत पुढच्या रांगेत बसले होते. निर्णय त्यांचा होता.

“आधी साधी वायर,” कानसेन म्हणाले. एका बाईच्या आवाजातली जुनी रेकॉर्ड लागली. छान होती. मग त्यांनी आवाजाचं बटण हळूच, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं, पूर्ण शून्यावर आणलं. वायर बदलताना स्पीकरमध्ये धाडकन आवाज होऊ नये म्हणून हे करायचं असतं. प्रत्येक जाणता माणूस करतो. साधी वायर काढली, मनगटाएवढी जाड, विणलेल्या कापडात गुंडाळलेली वायर लावली. डोळे मिटले आणि बटण परत वर नेलं.

खोलीत कुजबुज झाली. गाणारीण जणू दोन पावलं पुढे आली होती.

मलाही ऐकू आलं. हे मी नमूद केलंच पाहिजे. मलाही फरक ऐकू आला. म्हणजे बाईंना चार महिने उत्तर दिलं नाही ते बरंच झालं की काय!

“ऐकलंत?” कानसेन म्हणाले. “आता आपल्या बाई म्हणतात, मीटरवर फरक दिसत नाही. मीटरवर गाणं तरी दिसतं का हो?” लोक हसले. “बाई, मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो, आणि त्यात राग नाही. वायरीने काहीच फरक पडत नाही, हे तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगता?”

बाई म्हणाल्या, “शंभर टक्के... तसं कसं सांगू?”

“झालं तर!” त्यांनी पत्रक उचललं. “कारण विज्ञान स्वतःच म्हणतं...” आणि माझं वाक्य त्यांनी असं वाचलं, की ते मी इतकं सुंदर लिहिलंय हे मलाच नव्याने कळलं. “जिथे विज्ञान थांबतं, तिथे कान सुरू होतो. ग्रंथपालसाहेब, ज्यांना ऐकू येतं त्यांच्याकडे ही खोली द्या.”

टाळ्या पडल्या. बाईंनी हातातलं फडकं घडी करायला घेतलं. घडी झाली तरी त्या परत परत तीच घडी घालत होत्या.

ताईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. तिचं कोपर लहानपणापासून टोकदार आहे.

मी उठलो. “ते वाक्य माझं आहे,” मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. ऐकण्याच्या खोलीत!

“अरे, मोठ्याने!” ताई ओरडली. “ते वाक्य ह्याचं आहे!”

सगळ्या माना वळल्या. कानसेनांचा चेहरा फुलला. ते माझ्यापर्यंत चालत आले, माझा हात धरून मला पुढे घेऊन गेले. “काय भाग्य! मंडळी, हे ते मापनतज्ज्ञ! सर, तुम्हीच सांगा. कानाबद्दल विज्ञानाला सगळं ठाऊक आहे का?”

“नाही,” मी म्हणालो.

पुन्हा टाळ्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पत्र कुणाला पाठवलं होतं ते त्यांना आता कळलं होतं, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. नुसती थकलेली नजर. तिच्यामुळेच मी खाली बसू शकलो नाही.

“माझं घर इथून किती लांब आहे, हे तुम्ही मला विचारा,” मी कानसेनांना म्हणालो.

“आं? बरं. किती लांब आहे?”

“दीड किलोमीटर. पण मी कधी टेप लावून मोजलेलं नाही. शंभर पावलं इकडेतिकडे. शंभर टक्के खात्री नाही. मग माझं घर चंद्रावर असू शकतं का?”

एकदोघं हसले.

“खात्री नाही, म्हणजे काहीही असू शकतं, असं नसतं,” मी म्हणालो. मला स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो ओळखीचा वाटत नव्हता. “आमच्या कामात ‘माहीत नाही’ एवढं लिहून चालत नाही. किती माहीत नाही, तेही लिहावं लागतं. त्याचीही संख्या असते. कानाबद्दल आम्हाला जे ठाऊक नाही ते पुष्कळ आहे. पण ती रिकामी खोली नाही, की ज्याने त्याने आपलं सामान आणून ठेवावं. त्या वाक्याच्या पुढे अजून एक वाक्य होतं. ‘पण जे उमगलेलं नाही त्याचंही माप घेता येतं, आणि वायरीसारख्या गोष्टीत ते अगदी लहान आहे.’ ते छापलं गेलं नाही.”

“कुणी गाळलं?” ग्रंथपालांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“मी. भीती वाटली म्हणून.”

मला वाटलं, आता लोक हसतील. कुणी हसलं नाही.

कानसेन मात्र डगमगले नाहीत. “सर, तुमच्या वाक्यांचा मान राखून विचारतो. आत्ता फरक ऐकू आला की नाही? खरं सांगा.”

“आला.”

“मग?”

“मग तो कुठून आला ते बघू या. बाई, तुमच्याकडे व्होल्टमीटर आहे? आणि एकसारखी शिट्टी वाजणारी तपासणीची रेकॉर्ड?”

दोन्ही होतं. बाईंनी फडकं टाकलं आणि ज्या वेगाने कपाटाकडे गेल्या, त्यावरून वाटलं की मी काय बघणार आहे हे त्यांना अर्ध्या रस्त्यातच कळलं असावं. तेहतीस वर्षं मी माणसांच्या तोंडांकडे कमी आणि काट्यांकडे, खुणांकडे जास्त बघितलं आहे. हा काही गुण नाही, सवय आहे. त्या सवयीने, सगळे डोळे मिटून ऐकत असताना, मी बटणावरचा पांढरा ठिपका बघत होतो. जाड वायर लावल्यावर तो आधीच्या जागेवर परतला नव्हता. केसभर पुढे जाऊन थांबला होता.

मीटर आम्ही स्पीकरच्या मागे, वायर जिथे संपते तिथे लावला. “तुम्ही नेहमी करता तसंच करा,” मी कानसेनांना म्हणालो. “शून्यावर आणा, वायर बदला, परत वर न्या. डोळे मिटा. आकडा बाई वाचतील.”

साधी वायर. “दोन व्होल्ट.” जाड वायर. “दोन पूर्णांक बारा.” साधी. “एक पूर्णांक नव्व्याण्णव.” जाड. “दोन पूर्णांक तेरा.” बाईंचा आवाज प्रत्येक आकड्याला उंच होत होता. पाच-पाच वेळा केलं. जाड वायर प्रत्येक वेळी वर.

“बघा!” कानसेन म्हणाले. “वायर जास्त आवाज नेते! मीटरनेच सांगितलं!”

“आता बटणाला हात न लावता,” मी म्हणालो. बाईंनी कागदी टेपची पट्टी बटणावर आडवी चिकटवली. अ‍ॅम्प्लिफायरचं वेगळं बटण होतं, त्याने तो बंद करायचा, वायर बदलायची, परत चालू करायचा. साधी: दोन. जाड: दोन. साधी: दोन. जाड: दोन.

शेवटी मागून एक म्हातारा माणूस म्हणाला, “म्हणजे फरक वायरीत नाही. हातात आहे.”

“हातात आहे,” मी म्हणालो. “अर्धा डेसिबल. एवढा आवाज वाढला तर कान ‘मोठा झाला’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, स्वच्छ झाला, जवळ आला. त्यामुळे तुम्हाला जे ऐकू आलं ते खरंच होतं. मलाही आलं. बाईंनाही आलं. यांच्या हाताला चांगल्या वायरीकडून जास्त अपेक्षा आहे, तो आपसूक पुढे जातो. कुणाचाही जाईल.”

कानसेन आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी मान झटकली. “हे आवाजाचं झालं. पण पोत, गहिरेपणा, हवा, हे व्होल्टात येत नाही. टेप लावलेली असू द्या. मी नुसतं ऐकून सांगतो कुठली वायर आहे. वीसच्या वीस.”

“रेकॉर्ड तुमच्या आवडीची घ्या,” मी म्हणालो. “खुर्चीही. घाई नाही, हवा तेवढा वेळ घ्या. उद्या कुणी म्हणायला नको की धाकाने कान मिटले. वीसपैकी पंधरा बरोबर आली तर मी इथेच, सगळ्यांसमोर, बाईंच्या वतीने माफी लिहून देतो.”

हे बोललो आणि बाईंकडे पाहिलं. मी त्यांची नोकरी पणाला लावली होती, त्यांना न विचारता. त्यांनी एकदाच मान हलवली. लावा.

स्पीकरच्या मागे पडदा ओढला. पडद्याआड बाई वायरी बदलणार, ग्रंथपाल दर वेळी नाणं उडवून कुठली लावायची ते ठरवणार आणि लिहून ठेवणार. पडद्याबाहेर कानसेन उत्तर देणार, आणि ते लिहायला ताई बसली. तिने माझं पेन मागून घेतलं.

सव्वा तास लागला. एकही माणूस उठला नाही. कानसेन मनापासून ऐकत होते. सातव्या वेळी ते खुर्चीतून अर्धे उठले, “हीच! अहो, पडदा उघडल्यासारखं झालं!” ताईने लिहिलं. तेराव्या वेळी त्यांनी गाणं चार मिनिटं पूर्ण ऐकलं, कपाळाचा घाम पुसला आणि हळूच म्हणाले, “साधी... असावी.” ‘असावी’ हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला इतकं जवळचं वाटलं की जाऊन त्यांच्या शेजारी बसावंसं वाटलं.

मग ग्रंथपाल कागद घेऊन बाहेर आले आणि ताईसमोर उभे राहिले.

“एक. जाड.”

“जाड. बरोबर,” ताई म्हणाली.

“दोन. साधी.”

“जाड. चूक.”

“तीन. साधी.”

“साधी. बरोबर.”

लोक बोटांवर मोजू लागले. सातव्याला ग्रंथपाल थांबले, घसा खाकरला. “सात. साधी.”

“पडदा उघडला ती,” ताई म्हणाली. “चूक.”

हशा पिकला, आणि त्यात कानसेनही सामील झाले, हे मी त्यांच्या खात्यावर कायम जमा धरीन. विसावं उत्तर वाचून झालं. बरोबर अकरा.

“कान बंद करून नाणं उडवलं असतं तर दहाच्या आसपास आली असती,” मी म्हणालो.

“एवढ्याने काही सिद्ध होत नाही,” कानसेन म्हणाले, पण आता ते भांडत नव्हते, विचारत होते.

“अगदी खरं. फरक मुळीच नाही, हे सिद्ध झालं नाही. असला तर तो इतका लहान आहे की या खोलीत, या यंत्रावर, तुमच्यासारख्या कानालाही सापडत नाही. एवढं मात्र झालं.”

ग्रंथपालांनी कागदाची घडी घातली. “आणि इतक्या लहान गोष्टीसाठी मी बाईंना तळघरात पाठवायचं?” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “खोली बाईंकडेच राहील. फलकावरचा मजकूरही राहील.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यभर मी आवाज मोजला, पण तो आवाज मोजायचं मला सुचलं नाही. मागचा म्हातारा खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. ताई बोटांनी शिट्टी वाजवते हे मला तिच्या ऐंशीव्या वर्षी कळलं. बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही. कानसेन पुढे होऊन त्यांना म्हणाले, “बाई, चुकलो. पण येत्या शनिवारी मला ती टेप लावून जुन्या रेकॉर्डी ऐकवाल ना?” “टेप लावूनच,” बाई म्हणाल्या.

गर्दी ओसरल्यावर त्या माझ्याकडे आल्या. चार महिन्यांच्या माफीसाठी शब्द शोधत होतो.

“सर, आज तुम्ही विज्ञान सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “मी पत्रात दुसरंच विचारलं होतं. आणि ते तोंडी नकोय मला. खोलीच्या भिंतीवर लावायचंय.”

*

घरी येऊन, शर्टही न बदलता, मी टेबलापाशी बसलो. आठवा मसुदा. ताईने चहा आणून ठेवला, हवा का ते न विचारता.

‘आपलं पत्र मिळालं,’ मी लिहिलं. ‘उत्तराला उशीर झाला, कारण मी भ्यालो होतो. मला स्वतःला काय वाटतं ते आपण विचारलंत. तुम्ही बरोबर होता, असं मला वाटतं. तुमचा कानही बरोबर होता आणि मीटरही. ज्यांनी तुमच्याकडे शंभर टक्के खात्री मागितली त्यांना ती मागायचा हक्क नव्हता, कारण ती कुणाकडेच नसते, आणि तरीही माणसाला बोलावं लागतं. जे माहीत आहे तेवढं ठामपणे बोलावं. तुम्ही एकटीने, भिंतीला पाठ लावून, ते केलंत. मी ते करायला त्र्याहत्तर वर्षं घेतली. यात शंका नाही.’

ताईने खांद्यावरून वाचलं. “एकही ‘बहुधा’ नाही?”

“नाही.”

“‘कदाचित’?”

“नाही गं.”

“तपासून बघू?”

“बघ.”

तिने बघितलं. मग स्वतःच पाकीट चिकटवलं, जसा काही मी अजून एखादा शब्द आत सरकवीन.

पत्रपेटी कोपऱ्यावर आहे. ग्रंथालय तिच्यापुढे वीस मिनिटांवर, पत्र हातोहात देता आलं असतं. पण बाईंनी त्यांचं पत्र पोस्टाने पाठवलं होतं, तेव्हा माझंही पोस्टानेच जायला हवं. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर वर्दळ होती. पेटीपाशी एक बाई गठ्ठाभर पाकिटं टाकत होत्या, त्यांचं होईस्तोवर मी थांबलो. मग पाकीट फटीत घातलं आणि सोडलं. ते पत्र्यावर आपटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.